जूनचे दोन हजार आणि जून रोपं

मुरबाड-शहापूरकडे भात लावणाऱ्या कुणाही शेतकऱ्यापुढे या तीन तारखा ठेवून बघा: २७ जुलै २०२३, १८ जून २०२४, २ ऑगस्ट २०२५. पीएम किसान योजनेचे चौदावा, सतरावा आणि विसावा हप्ता त्या त्या दिवशी सोडले गेले. रक्कम तिन्ही वेळा तीच, दोन हजार. पण त्यातला एकच, जूनचा, हप्ता पेरणीच्या कामाचा होता. जुलैचा आला तेव्हा लावणी निम्म्याहून अधिक झालेली, आणि ऑगस्टचा आला तेव्हा चिखलाचे पाय धुऊनही झाले होते.

केंद्राची ही योजना २०१९ साली सुरू झाली: वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३ मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी’ची तेवढीच भर घातली. म्हणजे वर्षाला बारा हजार, महिन्याला हजार. ठाण्यात बसून या रकमेला हसणारे पुष्कळ आहेत; इथे दुधाचं बिलच त्याहून मोठं येतं. मीही हसायचो. मग एकदा कागद घेऊन हिशोब मांडला.

डीएपीची एक गोणी १३५० रुपये. युरियाच्या दोन गोण्या, २६६ रुपये ५० पैसे दराने, ५३३ रुपये. झाले १८८३. हातात उरले ११७. एका लहान खाचराच्या खताची सोय झाली, बाकी काही नाही. आता हेच दोन हजार जूनमध्ये आले नाहीत असं समजा. खत तर लागणारच, मग गावातल्या सावकाराकडून शेकडा पाचने उचलायचे. महिन्याला शंभर रुपये व्याज, नोव्हेंबरात भात झोडून फेडेपर्यंत पाच महिने. परत करायचे अडीच हजार. म्हणजे वेळेवर आलेला हप्ता त्या घराला अडीच हजारांच्या मोलाचा ठरतो आणि उशिरा आलेला फक्त दोन हजारांचा. शासनाच्या वहीत दोन्ही सारखेच.

व्याजाहून मोठी गोष्ट शेतात घडते. भाजलेल्या राबात, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यात, पेरलेली रोपं साधारण तीन-चार आठवड्यांची असताना उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायची असतात. भाताच्या रोपाला बुंध्याजवळच्या पेरांमधून फुटवे येतात आणि लोंब्या या फुटव्यांवर धरतात. रोप दाटीच्या राबातच राहिलं तर फुटवे येण्याचा काळ तिथेच वाया जातो. उशिरा लावलं तरी ते जगतं, हिरवंही दिसतं, पण फुटवे कमी. रोपं जून झाली, असं शेतकरी म्हणतो ते हेच.

आता प्रश्न असा, की शेतकरी उशीर का करतो? आळस म्हणून नव्हे. नेमक्या त्याच पंधरवड्यात घरातला तांदूळ तळाला गेलेला असतो. संध्याकाळी चूल पेटायची तर आज मजुरी हवी, आणि आज मजुरी कुठे मिळते, तर दुसऱ्याच्या लावणीवर. स्वतःची रोपं राबात जून होत असताना माणूस दुसऱ्याच्या खाचरात वाकलेला असतो.

नेमकं हेच झांबियात तपासलं गेलं. गुंथर फिंक, केल्सी जॅक आणि फेलिक्स मासिये या संशोधकांनी ३,१३९ शेतकऱ्यांसोबत दोन वर्षं प्रयोग केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. कोणत्या गावांना मदत द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. हे आवश्यक होतं, नाहीतर आधीच हुशार-हिकमती असलेलेच पुढे येतात आणि पीक वाढलं ते पैशामुळे की माणसामुळे, हे कळत नाही. टंचाईच्या महिन्यांत छोटं कर्ज द्यायचं, कापणीनंतर परत घ्यायचं, इतकंच. ते मिळालेली कुटुंबं दुसऱ्यांच्या शेतावर कमी गेली, स्वतःच्या शेतात जास्त राबली आणि त्यांचं पीक वाढलं. एक गंमतही झाली: मजुरीला जाणारे हात कमी झाल्याने गावातला मजुरीचा दर चढला. थोडक्यात, पैशाने खतच घेतलं असं नाही, घरच्या माणसाचे दिवसही परत विकत घेतले. ते कर्ज होतं, अनुदान नव्हतं, हा फरक मी विसरत नाही. पण पैसा कोणत्या महिन्यात हाती आला, हा मुद्दा दोन्हींना लागू आहे.

‘पण दारूत जातात ना’ हा प्रश्न येणारच, म्हणून उरकून टाकतो. डेव्हिड इव्हान्स आणि आना पोपोवा यांनी जगभरचे १९ अभ्यास तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसत नाही. कुठे कुठे तो घटलाच.

जास्त रोचक गोष्ट केनियातल्या रारिएडा भागातली. तिथे गवती छपराच्या घरांना रक्कम दिली, काहींना एकदम, काहींना महिन्याच्या महिन्याला. महिन्याला मिळालेल्यांच्या ताटात जास्त पडलं. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, छपरावर पत्रे चढवले. पत्र्याचं मोल आपल्याकडच्या पाड्यांवर समजावून सांगावं लागत नाही. दर पावसाळ्याआधीची शाकारणी वाचते. आपल्याकडे ‘लाडकी बहीण’चे २०२४ पासूनचे महिना १५०० ताटात जाणाऱ्या जातीचे. किसानचे चार महिन्यांनी येणारे दोन हजार मात्र ना ताटाचे ना पत्र्याचे. म्हणूनच त्यांचा महिना एवढा महत्त्वाचा.

महिना जमला तरी पैसा खात्यात असणं आणि हातात असणं वेगळं. टोकावड्याच्या बाजूला ऐन जुलैत मी एका दुकानात उभा होतो. खात्यातले पैसे काढायच्या अंगठ्याच्या मशीनवर एक बाई चौथ्यांदा बोट टेकवत होती. ‘‘मावशी, अंगठा जरा केसांवर घासा,’’ दुकानदार पोरगा म्हणाला. तिने घासला, पदराला पुसला, पुन्हा टेकवला. लाल दिवा. लावणीने दिवसभर पाण्यात राहून बोटं सुरकुतलेली, रेषा झिजलेल्या. ‘‘उद्या या, सुकल्यावर.’’ ‘‘उद्या पण लावणीच हाय रं दादा,’’ ती म्हणाली आणि इरलं उचलून निघाली.

आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचं काय? किसानचा हप्ता १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर असणाऱ्यांसाठी. पाड्यावरची बरीच कातकरी कुटुंबं या यादीच्या बाहेर राहतात. त्यांना रोख मिळते ती भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीच्या मुकादमाकडून. तो गणपतीच्या सुमारास येतो. तेव्हा लावणीची मजुरी संपलेली असते, जुना तांदूळ संपलेला असतो आणि नवं भात अजून हिरवं उभं असतं. दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर यायचं आणि पावसापर्यंत विटा पाडून उचल फेडायची, एवढं बोलणं होतं. मग तो ओट्यावर बसून नोटा मोजून देतो. अंगठा तोही घेतो, पण वहीवर, शाईचा. तो पुसट उठला तरी चालतो.