४०१ म्हणजे नकार नाही, नकार ४०३ मध्ये असतो

"भाऊ, ४०१ येऊन रायला, पासवर्ड चुकला वाटते." कधी जिनिंगच्या ऑफिसातून, कधी डाळमिलमधून हा निरोप येतो: इंटरनेटवरून चालणारा सिप फोन सर्व्हरवर नोंदवला जात नाही, सर्व्हर ४०१ हा उत्तराचा कोड देतोय. सोबत वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची देवाणघेवाण टिपणाऱ्या प्रोग्राममधल्या एकाच ओळीचा फोटो. तोवर निरोप देणाऱ्यांनी पासवर्ड बदललेला असतो आणि त्याच खात्यावरचा दुसरा, धड चालणारा फोनही बंद पाडलेला असतो.

रजिस्टर (फोनच्या नोंदणीची विनंती), इन्व्हाइट (कॉलची विनंती), पोर्ट ५०६० (सिपचं नेहमीचं पोर्ट) हे तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. ४०७ हे ४०१ चंच भावंड, फक्त तिथे ओळख मधला प्रॉक्सी सर्व्हर मागतो, तेही सोडा.

पहिलं ४०१ यायलाच पाहिजे. फोन आधी कोरी, म्हणजे ओळखीशिवायची रजिस्टर पाठवतो, सर्व्हर ४०१ सोबत रेल्म (सर्व्हरच्या हद्दीचं नाव) आणि नॉन्स (तात्पुरता आकडा) देतो, आणि त्यात पासवर्ड मिसळून काढलेला हॅश घेऊन फोन पुन्हा येतो. कापूस खरेदी केंद्रावर 'सातबारा दाखवा' म्हटलं तर कोणी माल परत नेत नाही.

बघायचं ते त्यानंतरचं. पुढच्या रजिस्टरमध्ये ऑथरायझेशन हेडर, म्हणजे तो हॅश असलेली ओळ, आहे का? नसेल, सीसेकचा (विनंतीच्या अनुक्रमाचा) आकडा तोच असेल आणि मधलं अंतर अर्धा, एक, दोन, चार सेकंद असं वाढत असेल, तर ते रिट्रान्समिशन आहे, म्हणजे फोन तीच विनंती पुन्हा पाठवतोय. सर्व्हर दर वेळी ४०१ देतोय, पण ते फोनपर्यंत पोचतच नाही. इथे राउटर तपासा, त्यातलं सिप एएलजी (सिपच्या संदेशांत ढवळाढवळ करणारी सोय) आधी बंद करा. पासवर्डचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडे लाइट जाऊन आली की राउटर रिसेट होऊन ते एएलजी कधी कधी परत चालू झालेलं असतं, म्हणून हे मी सगळ्यात आधी बघतो.

सीसेक एकाने वाढलाय, हेडरही आहे, तरी ४०१? मग त्या ४०१ मध्ये 'स्टेल' (शिळा) ही खूण ट्रू आहे का बघा. असेल तर फक्त नॉन्स जुना झालाय, फोन स्वतःच नव्या नॉन्सने परत येईल. नसेल तर मात्र तुमचा संशय खरा. हेडरमधलं यूजरनेम अक्षर न् अक्षर ताडून बघा. व्हॉट्सअॅपवरून कॉपी करताना शेवटी आलेली स्पेस तिथे अवतरणचिन्हांच्या आत दिसते. पासवर्ड कॅप्चरमध्ये (वायरशार्कने टिपलेल्या नोंदीत) दिसत नाही, तो शोधत बसू नका.

आणि हे सगळं वायरशार्कच्या 'व्हीओआयपी कॉल्स'मध्ये शोधू नका. रजिस्टर तिथे दिसत नाही. टेलिफोनी मेन्यूतलं 'सिप फ्लोज' उघडा. मला फोटो नको, पूर्ण पीकॅप, म्हणजे कॅप्चरची फाइल पाठवा.

४०३ चं काम सोपं आहे. सर्व्हरला विनंती कळली आणि तो ती पुरी करणार नाही. आरएफसी ३२६१, म्हणजे सिपचा नियमांचा दस्तऐवज, तर सांगतो की तीच विनंती पुन्हा पाठवू नये. काही सर्व्हर चुकीच्या पासवर्डलाही ४०३ देतात, म्हणून यूजरनेम एकदा बघून घ्या. ते बरोबर असेल तर कॅप्चर बंद करा आणि सेवा देणाऱ्याला फोन लावा: खातं बंद आहे का, या आयपीला परवानगी आहे का. पुन्हा पुन्हा रजिस्टर मारत राहिलात तर फेलटूबॅनसारखं (वारंवार फसणाऱ्यांना अडवणारं) काही तिकडे लावलेलं असल्यास आयपीच ब्लॉक होईल, आणि मग ४०३ सुद्धा येणार नाही.