डबा कुठलाही घ्या, उष्णता अडते ती करवंट्यांत

करवंटीचं तेल (करवंटी तापवून निघतं, गजकर्णाला लावतात ते) घरी काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न भांड्याचा येतो. कोणी म्हणतं जाड बुडाचं घ्या, कोणी म्हणतं तांब्याचं घ्या, लवकर तापतं. तांबं डब्याच्या पोलादी पत्र्यापेक्षा सात-आठ पट चांगलं उष्णतावाहक आहे हे खरंच, पण इथे त्याचा काडीचा फायदा नाही.

हा सगळा प्रकार म्हणजे शुष्क ऊर्ध्वपातन, हवा लागू न देता लाकूड, करवंटी, कोळसा असलं काहीतरी तापवायचं म्हणजे ते जळत नाही, तुटतं, त्यातून गॅस आणि वाफा निघतात आणि मागे कोळसा उरतो. 1792 मध्ये विल्यम मर्डॉकने इंग्लंडमधल्या रेडरूथला लोखंडी भांड्यात दगडी कोळसा तापवून निघालेल्या गॅसवर घरात दिवे लावले, ते हेच. आपल्याकडच्या वैद्यांचं पाताळयंत्रही हेच, वरच्या मडक्याला बुडाशी भोक, खालचं मडकं खड्ड्यात, वरच्याभोवती गोवऱ्या पेटवायच्या, तेल आपोआप खाली ठिबकतं.

आता हिशोब बघा. दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, आणि आत करवंट्या भरल्या तर मध्यापर्यंत पाच सेंटिमीटर तरी अंतर, म्हणजे 200 पट. वर लाकडासारख्या वस्तूतून उष्णता लोखंडाच्या मानाने तीनशे पट हळू जाते. दोन्ही गुणले की ढोबळमानाने करवंट्यांचा अडथळा पत्र्याच्या साठ हजार पट येतो. पत्र्याच्या जागी तांबं आणून साठ हजारातला एक वाचवायचा, त्याला काय अर्थ आहे? त्यापेक्षा करवंट्या बारीक फोडा आणि डबा अरुंद घ्या, कारण आतपर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, डबा दुप्पट रुंद तर वेळ साधारण चौपट. पुण्याच्या ‘आरती’ने (ARTI, डॉ. आनंद कर्व्यांनी काढलेली ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था) उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी केली (2002 चं अ‍ॅशडेन अवॉर्ड तिलाच) त्यातही एकच प्रचंड टाकी नाही, पाचट भरलेली सुटी पिंपं आहेत आणि पिंपांतून निघणारा गॅस खाली येऊन त्याच भट्टीत जळतो, म्हणजे बाहेरचं जळण कमी लागतं.

बाहेरच्या बाजूचं म्हणाल तर जाळातून डब्याकडे बरीच उष्णता प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी किरणांवाटे येते, आणि चकचकीत पत्रा ती परतवतो. म्हणून काजळी धरलेला डबा घासून लखलखीत करायच्या फंदात पडू नका, काळाच बरा.

धातू कुठे महत्त्वाचा आहे तर वितळण्यात. डब्यावरचा कथलाचा मुलामा 232 अंशांनाच वितळतो, त्याने फार बिघडत नाही. पण अ‍ॅल्युमिनियम 660 ला वितळतं आणि निखाऱ्यात तेवढं तापमान सहज येतं, सकाळी पातेल्याच्या जागी राखेत गोळा सापडेल. जस्ताच्या मुलाम्याची बादली तर नकोच नको, जस्ताचा धूर छातीत गेला की थंडीताप भरतो.

आणि भोक! झाकण कणकेने नाहीतर चिकणमातीने लिंपा, पण गॅसला वाट ठेवाच, घट्ट फिरकीचं बंद झाकण म्हणजे सुतळी बॉम्बच. आधी पांढरी वाफ येते, ते नुसतं पाणी, साधारण 280 अंशांच्या पुढे लाकूड स्वतःच उष्णता द्यायला लागतं आणि धूर एकदम जोरात सुटतो, तेव्हा जाळ थोडा मागे ओढायचा. हा पिवळसर धूर भोकाशी पेटतो, ज्योत विझत आली की आतलं काम उरकलं. भोकाला नळी लावून ती पाण्यात सोडली असेल तर डबा थंड होण्याआधी ती बाहेर काढा, नाहीतर आतला गॅस आकसतो आणि पाणी तापलेल्या डब्यात ओढलं जातं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो त्यामुळे हे सगळं अंगणातच, पडवीत नाही.

तेल जे येतं त्यात फिनॉल (जंतू मारणारी द्रव्यं) असतात, गजकर्णाला ते उतारा म्हणून लावतात त्यामागे हेच कारण असावं, पण त्याच्याबरोबर डांबरातली कॅन्सरकारक द्रव्यंही येतात, मी तरी अंगाला लावणार नाही. राहिलेला कोळसा मात्र उत्तम, फक्त झाकण गरम असताना उघडू नका, हवा लागली की सगळा पेटतो, रात्रभर तसाच राहू द्या.