हँडरब भरपूर, पण अंगठा कोरडाच!

हँडरबचा, म्हणजे हातांवर चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाचा, पाच लिटरचा कॅन आमच्याकडून दवाखान्यासाठी नेताय, तर हा कागदही न्या. ड्रेसिंग रूममध्ये चिकटवण्याआधी एकदा वाचा.

हात नीट चोळले जातात का हे दाखवणाऱ्या प्रात्यक्षिकाला येताना आम्ही चमकणारं लोशन आणि अतिनील दिवा आणतो. लोशन हँडरबसारखं चोळायचं, खोलीत अंधार करायचा आणि हात दिव्याखाली धरायचे. लागलं तिथे चमकतं, राहिलं तिथे काळं. तळवे लखलखतात, अंगठ्याचं मूळ, बोटांची टोकं, बेचक्या मात्र काळ्या. डॉक्टर असोत, सिस्टर असोत की मावशी, चित्र तेच. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा बहुधा उजवाच अंगठा सुटतो, कारण त्याला चोळायचं काम डाव्या हाताकडे असतं. आणि सलाइनची सुई धरायला पुढे होतात ती हीच बोटं!

म्हणून अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरा आणि ताकात रवी फिरते तसा फिरवा. बोटांची टोकं जुळवून समोरच्या तळव्यावर गोल घासा. अंगठी, मनगटावरचा दोरा आधी काढा. त्याखाली काहीच पोचत नाही.

खोलगट केलेला तळवा भरेल इतकं हँडरब घ्या. नखाएवढा थेंब घेऊन काटकसर होत नाही, कॅन उगाच संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने धुऊन पुसेपर्यंत ४० ते ६०. हँडरब कोरड्या हातावरच घ्या. ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं. सुकेपर्यंत चोळा, फुंकर मारू नका.

आमचाच माल असला तरी सांगतो: हात रक्ताने किंवा ओकारीने माखले असतील तर हँडरब नको, साबण-पाणीच. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबाचा रुग्ण हाताळल्यावरही तेच. त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलला दाद देत नाहीत, पाण्याबरोबर वाहूनच जातात. ग्लोव्हज काढल्यावरही हात स्वच्छ करावे लागतात, हे मात्र सगळेच विसरतात.

बेसिनशेजारी खिळ्याला अडकवलेला तो एकच नॅपकिन आजच काढा. सकाळी अकरापर्यंत तो ओलाचिंब झालेला असतो, आणि धुतलेले हात त्यालाच पुसले जातात. कागदी नॅपकिन ठेवा. आमच्याकडूनच घ्या असं नाही. अर्ध्या उरलेल्या साबणाच्या बाटलीत नवा साबण ओतू नका. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून मगच भरा.

दिव्याचं प्रात्यक्षिक ग्राहकांना मोफत आहे. दोन दिवस आधी कळवा, पडदे लावून अंधार होईल अशी खोली ठेवा. स्टाफला आधी सांगू नका, नाहीतर त्या दिवशी सगळ्यांचेच अंगठे चमकतात.