उणे २५ला सायकलचे कुत्ते झोपतात

अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला जानेवारीत सकाळी उणे २०-२५ सेल्सियस असणं यात काही नवल नाही, तरी लोक सायकलवर ऑफिसला जातातच. मीपण जातो. पहिल्याच हिवाळ्यात एकदा सिग्नलला थांबलो, हिरवा झाला, जोरात पेडल मारलं तर पाय गपकन खाली. पेडल फिरतंय, चेन फिरतेय, मागचं चाक मात्र ढिम्म.

आपल्याकडचा कुठलाही सायकलवाला न बघताच सांगेल, फ्रीव्हीलचे कुत्ते गेले. कुत्ते म्हणजे मागच्या हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, नखाएवढे स्टीलचे खटके, प्रत्येकाखाली एक बारीकशी स्प्रिंग, ती त्यांना बाहेर ढकलते, मग ते दातेरी रिंगमधे अडकतात आणि पेडलचा जोर चाकाला मिळतो. पेडल थांबवलं की तेच दातांवरून घसरत जातात, ती टिकटिक त्यांचीच.

पण माझे कुत्ते गेलेच नव्हते! सायकल ढकलत घरी आणली, तासाभराने बघतो तर टिकटिक चालू.

झालं होतं असं की पावसाळी सवयीने मी हबमधे ग्रीस कोंबलं होतं. ग्रीस म्हणजे तेलच, साबणासारख्या पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेलं, आणि थंडीत तेल घट्ट होतं. साध्या मिनरल तेलात थोडं मेण असतं, त्याचे स्फटिक व्हायला लागले की ते थंडीतल्या खोबरेल तेलासारखं थिजतंच. सिंथेटिक तेलात हे मेण जवळजवळ नसतं म्हणून ते बरंच खाली गेलं तरी वाहतं. आता हबमधल्या छर्‍यांचं (बॉल बेअरिंगचं) ग्रीस घट्ट झालं तर चाक जरा जड जातं इतकंच, कारण तिथे आपल्या पायांचा जोर असतो, कुत्त्यांच्या मागे मात्र ती एवढीशी स्प्रिंग, ती बिचारी थिजलेल्या ग्रीसला काय ढकलणार.

त्यातही अर्धवट अडकलेला कुत्ता जास्त वाईट. उभं राहून पेडल मारताना सटकला की तुम्ही हँडलवर, वर रिंगचे दात झिजतात ते वेगळंच.

म्हणून दिवाळी झाली की मी हब उघडतो, कुत्त्यांवरचं ग्रीस पूर्ण धुऊन पुसून वाळवतो आणि तिथे पातळ सिंथेटिक तेलाचे दोन-चार थेंब, बास. छर्‍यांना ग्रीसच, पण कमी तापमानाचं. पातळ तेल टिकत नाही, रस्त्यावरचं मीठ-पाणीही आत जातं, त्यामुळे दर काही आठवड्यांनी परत उघडावं लागतं, कटकट आहे खरी. टेस्ट सोपी आहे, फ्रीहब, म्हणजे हबचा कुत्ते असलेला भाग, पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमधे मटारशेजारी ठेवायचा, तिथे उणे १८ असतं, सकाळी हाताने फिरवून बघायचा. टिकटिक मंद किंवा घोगरी आली तर तेल अजून जाड आहे.

आणि सायकल बाहेरून आणून गरम खोलीत अर्धा तास ठेवून परत बाहेर काढू नका, थंड लोखंडावर फ्रीजमधल्या बाटलीसारखं पाणी सुटतं, ते हबमधे शिरलं की बाहेर गेल्यावर त्याचा बर्फ. एकतर रात्रभर वाळू द्या, नाहीतर सरळ शेडमधेच राहू द्या. माझी आता नोव्हेंबर ते मार्च शेडमधेच असते.