कामावर शिकवायचं कुणी? गिरणीपासूनची पार्श्वभूमी

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून नि घाटावरून माणसं आली. त्यांना भरती करणारा, कामाला लावणारा आणि काढणाराही जॉबरच, म्हणजे गिरणीतला मुकादम. शिकवणं मात्र कुणाच्याच कामात मोडत नव्हतं. नवखा माणूस गाववाल्याच्या साच्याशेजारी, म्हणजे मागाशेजारी उभा राहून, बरेचदा बिनपगारी, काम उचलायचा. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की साचा थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची, धागा मागाच्या फणीच्या नेमक्या घरातून (फटीतून) ओवायचा. गाठ जाड पडली तर फणीत अडकून धागा पुन्हा तुटतो. घर चुकलं तर कापडात उभा दोष उतरत जातो. हे बहुतेकांना माल खराब झाल्यावरच कळायचं, आणि दंड पगारातून कापला जायचा.

१८८७ साली आजची व्हीजेटीआय ही तांत्रिक शिक्षणाची संस्था मुंबईत सुरू झाली, पण साच्यावरचा साधा कामगार तिथे क्वचितच पोहोचला. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या (ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या) अहवालाने जॉबरच्या हातातली भरती काढून घ्यायची शिफारस केली. शिकवण्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्याला नेमकं उत्तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मिळालं. कारखान्यांत एकदम नवखी माणसं भरावी लागली, तेव्हा सुपरवायझरना शिकवायची चार पायऱ्यांची पद्धत दिली गेली: आधी माणसाची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग लक्ष ठेवा. तिसऱ्या पायरीतली खुबी अशी, की शिकणाऱ्याने हात चालवताना तोंडाने कारणही सांगायचं. ‘समजलं का?’ला सगळेच मान डोलावतात. कारण सांगताना अडला की कुठे कच्चा आहे ते लगेच कळतं. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांमार्फत ही पद्धत भारतातल्या कापड गिरण्यांत आली.

मग १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला, १९६३ मध्ये पवईला नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीचं प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. आज ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात.

तरी अंधेरीच्या ऑफिसात पहिला दिवस ओळखपत्र, सह्या आणि स्लाइड्समध्येच सरतो. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या, त्याही अर्ध्या. चौथीला खर्च फारसा नाही: अडलं तर कुणाला विचारायचं त्याचं नाव पहिल्याच दिवशी सांगावं, त्या माणसाचं रोजचं काम तेवढ्यापुरतं कमी करावं, पहिला आठवडा रोज काम तपासावं, मग हळूहळू अंतर वाढवावं.