चारही पाय जमिनीवर

शिकारीहून परतलेल्या लांडग्याच्या जबड्याला पिल्लं नाक खुपसतात, तोंड चाटतात आणि तो पोटातलं मांस त्यांच्यापुढे ओकतो. कुत्र्यांमध्ये तोंड चाटून स्वागत करायची ही रीत अजून टिकून आहे. अडचण फक्त उंचीची. तीन महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला तुमच्या तोंडापर्यंत पोचायचं तर उडी मारण्यावाचून इलाज नसतो. उडी मारून कुत्रं माणसावर वर्चस्व गाजवतं असं म्हणतात, पण तसलं काही नाही. म्हणूनच उडी मोडायला ‘छातीत गुडघा मारा’, ‘पंज्यावर पाय द्या’ हे बागेत फुकट मिळणारे सल्ले कानाआड करावेत. पिल्लाला इजा होते ती वेगळीच, शिवाय माणूस जवळ आला की दुखतं एवढंच ते शिकतं.

मग उडी थांबत का नाही? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की ज्या हालचालीमुळे फायदा होतो ती पुन्हापुन्हा केली जाते. पिल्लाचा फायदा म्हणजे तुमची नजर, आवाज आणि स्पर्श. “अरे, खाली उतर!” म्हणत दोन्ही हातांनी ढकललंत तर हे तिन्ही एकदम मिळतात. त्यात बाबा ऑफिसच्या कपड्यांत असले की खेकसतात आणि रविवारी बर्म्युडात असले की कुरवाळतात. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय जास्त चिवट करतं. दहा उड्यांतली एक फळली तरी पिल्लू पुढच्या दहा मारतं.

तेव्हा उडीऐवजी काय करायचं, ते शिकवावं लागतं. बसलेल्या कुत्र्याला उडी मारता येत नाही, म्हणून आधी बसणं. उकडलेल्या बिनमसाल्याच्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे पंधरा-वीस तुकडे डबीत घ्या. मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण अजिबात नको. तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर जातं, ढुंगण खाली येतं. ते जमिनीला टेकलं की सेकंदाच्या आत ‘येस’ म्हणा आणि खाऊ हनुवटीच्या खाली धरून द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. हात वीतभर उंच गेला की पिल्लू तो पकडायला उडी घेतं आणि आपणच उडीचे पैसे मोजतो. दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, एवढं पुरे.

हुकुमाचा शब्द घरात सगळ्यांचा एकच हवा. ‘सिट’ चालेल. ‘बस’ मात्र टाळा, जेवताना ‘बस, बस’ म्हणत आपण तो उगाच झिजवतो.

हे जमलं की पट्टा. गळ्याला नको, छातीच्या हार्नेसला लावा आणि दुसरं टोक खिडकीच्या ग्रिलला बांधा. पिल्लाला आरामात बसता-उठता यावं, पण उडी पुरी होऊ नये, इतकीच ढील ठेवा. सहा-सात फुटांवरून सावकाश पुढे या. पुढचे पंजे उचलले गेले की जागच्या जागी थांबा, तोंड फिरवा, एक शब्दही बोलू नका. चारही पाय टेकले की पुढचं पाऊल. पोचलात आणि ते बसलेलं असलं तर खाऊ, आणि हनुवटीखाली हलकं खाजवणं. डोक्यावर थापटलंत तर ते परत वर उसळतं.

पहिले काही दिवस उड्या कमी व्हायच्या ऐवजी कधीकधी वाढतात. भुंकणं, पदर ओढणं सुरू होतं. रिमोट चालेनासा झाला की आपण बटणं जोरात दाबतो, तळहातावर आपटतो, तसंच हे. जुना उपाय मरायच्या आधी जोर करतो. या टप्प्यावर कंटाळून कुरवाळलंत, तर जोरात उडी मारली की काम होतं, हा धडा पक्का होतो.

आजी-आजोबांवर आणि लहान मुलांवर मात्र ‘दुर्लक्ष करा’ हा भार टाकू नये. आजी पडल्या तर माकडहाड किंवा खुबा मोडायचा. ही मंडळी घरात वावरत असताना पट्टा किंवा जाळीचं दार हवंच. नखाचा ओरखडा उठला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवावं, पिल्लाला रेबीजची लस दिलेली असली तरी.

दारावरच्या बेलचा सराव वेगळा करा. कोणी आलेलं नसताना बेल वाजवा आणि लगेच दारापासून लांब, चटईवर तुकडे टाका. पुरेशा सरावानंतर बेल वाजली की पिल्लू चटईकडे पळतं. संध्याकाळी ते पिसाटल्यासारखं धावत, चावत असेल तर शिकवू नका, झोपवा. या वयात दिवसातले अठरा-वीस तास झोप लागते.

सगळ्यात अवघड असतो तो “असू दे हो, आम्हाला आवडतात कुत्री” म्हणणारा पाहुणा. आठवडाभराची मेहनत तो दोन मिनिटांत धुळीला मिळवतो. दारातच त्याच्या हातात डबी द्या आणि पिल्लू बसल्याशिवाय हात लावायचा नाही, असं स्पष्ट सांगा. ऐकत नसेल तर पिल्लू आतल्या खोलीत.