एमबीबीएसला मागे पडलात तर: हजेरी, इंटर्नल, सप्ली आणि ‘टर्म ग्रँट’चं गणित

अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलमध्ये विद्यार्थी मागे पडला की त्याला ‘प्रोबेशन’वर असल्याचं पत्र मिळतं: काय कमी आहे, किती मुदत आहे, काय करून दाखवायचं आहे. आपल्याकडे असं पत्र क्वचितच येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत उपचारात्मक मदतीची, म्हणजे ‘रेमेडियल’ची, तरतूद आहे. त्याचं धोरण ठरवताना विद्यापीठाने कॉलेजांना मार्गदर्शन करावं असंही म्हटलं आहे. पण या मदतीसाठीचा अर्ज सहसा विद्यार्थ्यालाच करावा लागतो आणि तो परीक्षेच्या फॉर्मच्या तारखेआधी पोचला तरच उपयोगी पडतो.

मुळात नापास होणं आणि परीक्षेला अपात्र ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नापास झालात तर सप्ली, म्हणजे पुरवणी परीक्षा, आहे. अपात्र ठरलात, म्हणजे टर्म ग्रँटच (परीक्षेला बसायला कॉलेजची मंजुरी) झाली नाही, तर परीक्षेच्या दारातूनच परत यावं लागतं.

पात्रतेचे आकडे

हजेरी विषयवार मोजतात: थिअरीला किमान ७५ टक्के, प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के. थिअरी भरून निघाली म्हणून प्रॅक्टिकलची तूट माफ होत नाही. हिशेब टक्क्यांत नको, तासांत करा. वर्षभरात एका विषयाची १०० प्रॅक्टिकल होणार असतील तर २० चुकवण्याची मुभा आहे. पहिल्या ४० मध्येच १५ बुडाली असतील तर उरलेल्या ६० मध्ये फक्त ५ हातात राहतात. त्या वेळी टक्केवारी ६२ च्या आसपास दिसते आणि मुलं ‘पुढे भरून काढू’ म्हणतात. भरून निघतंही, पण मग एक टायफॉइडसुद्धा परवडत नाही.

अंतर्गत मूल्यमापनात, म्हणजे ‘इंटर्नल’मध्ये, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के आणि दोन्ही मिळून किमान ५० टक्के लागतात. घोळ इथेच होतो. समजा, दोन्ही १०० पैकी आहेत. थिअरीत ४२ आणि प्रॅक्टिकलमध्ये ५५ असतील तर दोन्ही ४० च्या वर आहेत, पण बेरीज २०० पैकी ९७. म्हणजे ४८.५ टक्के, आणि तुम्ही अपात्र. तीन गुणांनी वर्ष अडकतं. इंटर्नलचे निकाल साधारण दोन आठवड्यांत नोटीस बोर्डावर लावायचे असतात. ते लागले की त्याच दिवशी ही बेरीज करा, प्रीलिमची वाट पाहू नका.

लॉगबुकही, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांवर शिक्षकांची सही घ्यायची वहीही, याच हिशेबात धरा. सही राहिलेली कौशल्यं शेवटच्या महिन्यात गोळा करायला गेलात, तर सही देणारे शिक्षक रजेवर किंवा बदलीवर गेलेले असतात.

अर्ज कसा आणि कोणाकडे

अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे, पण ‘मार्फत विभागप्रमुख’ असा करावा. एका विषयासाठी एक अर्ज. त्यात रोल नंबर, बॅच, कोणती चाचणी चुकली किंवा कमी पडली, तिची तारीख, कारण आणि मागणी (पुनर्चाचणी, जादा प्रॅक्टिकल, रेमेडियल वर्ग) स्पष्ट लिहा. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ एवढ्यावर अर्ज संपवला तर विभागाला करण्यासारखं काहीच उरत नाही.

सोबत विभागातून घेतलेला हजेरीचा उतारा, इंटर्नलचे गुण, लॉगबुकच्या संबंधित पानांची प्रत आणि ओळखपत्राची प्रत जोडा. आजारपण असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे रिपोर्ट जोडा. नुसतं वैद्यकीय प्रमाणपत्र दुबळं ठरतं, विशेषतः त्यावरची तारीख आजारपणानंतरची असेल तर. आणि प्रमाणपत्र दिलं की हजेरी भरली, हा गैरसमज आहे. त्याचा खरा उपयोग चुकलेली चाचणी पुन्हा मिळवण्यासाठी होतो. काही कॉलेजं पालकांचं हमीपत्रही मागतात, म्हणून घरी वेळेत सांगा.

अर्ज स्टुडंट सेक्शनला देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी ‘बघू’ला पुढे काही किंमत नसते. मेंटॉर नेमलेला असेल तर आधी त्यांना भेटा. विभागप्रमुखांना त्यांचा एक फोन गेला तर पुनर्चाचणीची तारीख लवकर मिळते.

नापास झाल्यावर

फर्स्ट एमबीबीएसला चारच प्रयत्न मिळतात: मुख्य, सप्ली, पुढच्या वर्षीची मुख्य आणि पुन्हा सप्ली. अर्धी परीक्षा देऊन सोडली तरी प्रयत्न मोजला जातो, त्यामुळे तयारी नसताना ‘एक पेपर देऊन बघतो’ हा महाग सौदा आहे. पास होण्यासाठी थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के हवेत.

सप्ली निघाली तर आपल्याच बॅचमध्ये पुढे जाता येतं. नाही निघाली तर मागून येणाऱ्या ज्युनियर बॅचबरोबर बसायचं. पूर्वीसारखी नापास झालेल्यांची वेगळी ‘ऑड बॅच’ आयोगाच्या २०२३ च्या नियमांत नाही. फर्स्ट निघाल्याशिवाय सेकंडला प्रवेशच नाही. सेकंडचे विषय राहिले तर मात्र थर्डच्या वर्गांना बसता येतं, पण थर्डच्या दोन भागांपैकी पहिल्याची, म्हणजे पार्ट वनची, परीक्षा सेकंड निघेपर्यंत देता येत नाही. पार्ट वन आणि पार्ट टूचंही नातं असंच. वर्ग सुरू असतात म्हणून मुलं निवांत राहतात आणि शेवटी दोन परीक्षा एकमेकींवर आदळतात.

२०२३ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या तारखेपासून नऊ वर्षांनंतर अभ्यासक्रम सुरू ठेवता येत नाही. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमाला हे पुष्कळ वाटतं, पण फर्स्टलाच दोन वर्षं जादा गेली की पुढची मोकळीक झपाट्याने आटते.

झोप उडाली असेल, वॉर्डात जायची भीती वाटत असेल, तर ते अर्जात लिहायला लाजू नका. कॉलेजच्या मानसोपचार विभागाची नोंद हे वैध कारण आहे. आपल्याच शिक्षकांकडे जाणं नकोसं वाटत असेल तर टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.